नानांची लाल पेटी

खंडेनवमीला जुन्या कंपनीत जाऊन आलो. दरवर्षी बोलावणं येतं, दरवर्षी काहीतरी निघतं आणि राहून जातं, या वर्षी ठरवून गेलो. नाशिकला अंबडमध्ये एक्स्लो पॉइंटवरून आत वळलं की पावसाळ्यानंतरचे खड्डे जसेच्या तसे, त्यामुळे रस्ता चुकायचा प्रश्नच नव्हता. आत सगळ्या मशीन धुऊनपुसून चकाचक, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा तो आंबूस वास त्या एका दिवशी नसतो, त्याच्याऐवजी झेंडू आणि उदबत्ती. प्रत्येक लेथला हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात मायक्रोमीटर, व्हर्निअर अशी मोजायची साधनं मांडून ठेवलेली. आणि गेटजवळच्या टेबलावर ती लाल पेटी. तिलाही माळ घातलेली.

यात लगेच भारावून जाण्यासारखं काही नाही हे आधीच सांगतो. माळा घालायचं काम ज्या पोराकडे असतं तो दिसेल त्याला माळ घालत सुटतो, आग विझवायच्या सिलिंडरलाही घातली होती, कॅन्टीनच्या पाण्याच्या फिल्टरलाही. पण मी त्या पेटीपाशी जरा जास्तच रेंगाळलो, कारण महिनाभर माझ्या डोक्यात तीच घोळत होती.

पेटी म्हणजे विशेष काही नाही. पत्र्याची, टोमॅटोच्या क्रेटएवढी, लाल ऑइलपेंट मारलेली, दर दिवाळीला परत रंग मारतात त्यामुळे थरावर थर बसून कडा गोल झाल्यात. हातून बिघडलेला पीस ज्यानं बिघडवला त्यानंच त्यात आणून टाकायचा, सोबत पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर काय झालं, कधी झालं आणि तुझ्या मते का झालं. बस एवढंच. रिजेक्शनची लाल पेटी आता सगळ्याच कंपन्यांत असते, ऑडिटवाले विचारतात म्हणून असते, बऱ्याच ठिकाणी तर कुलूप लावून असते. इथं फरक पेटीत नव्हता, पेटीपुढच्या स्टुलात होता. रोज सकाळी सव्वानऊला नाना चहाचा ग्लास घेऊन त्या स्टुलावर बसायचे आणि एकेक पीस हातात घेऊन टॅग वाचायचे. नाना म्हणजे मालक, पण त्यांना मालक कोणी म्हणायचं नाही आणि सर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

नियम असा होता की पेटीत आलेल्या पिसाबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही. चिप्सच्या, म्हणजे लोखंडाच्या किसाच्या, ड्रममध्ये दाबून टाकलेला पीस सापडला तर मात्र नाना त्या माणसाशी तीन दिवस बोलायचे नाहीत. आवाज नाही, मेमो नाही, पगार कापणं नाही. साठ माणसांच्या शेडमध्ये मालक येताजाता सगळ्यांशी बोलतोय आणि फक्त तुमच्याशी बोलत नाही, हे काय असतं ते ज्यानं सोसलं त्यालाच कळणार, मशीन लावून देणारा एक सेटर तर दुसऱ्या दिवशी दुपारीच रडकुंडीला आला होता.

मी २००४ ला लागलो, डिप्लोमा झाल्या झाल्या, क्वालिटीला ट्रेनी म्हणून. गाडीचे बुश आणि पिना बनवायचे तिथं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या सहीनं ४०० पिना पास झाल्या आणि सकाळी टेम्पो भरताना सहज एक उचलून मोजली तर वीस मायक्रॉन कमी. दुसरी मोजली, तीही कमी. तिसरी मोजायची हिंमत झाली नाही. टेम्पो सुटायला दहा मिनिटं होती आणि खरं सांगतो, दहातली सहा मिनिटं मी गप्प राहायचा विचार केला. मग पिन नेऊन पेटीत टाकली, टॅगवर नीट अक्षरही येत नव्हतं. नानांनी टॅग वाचला, टेम्पो रिकामा करायला लावला, कस्टमरला स्वतः फोन लावला आणि म्हणाले, "माल आज येत नाही, चूक आमची आहे." तिकडनं काय काय ऐकावं लागलं असेल ते त्यांच्या कानाला माहीत. रात्री सगळा लॉट निवडायला बसलो त्यात नाना पण मायक्रोमीटर घेऊन बसलेले. मला एवढंच विचारलं, "सही करत होतास तेव्हा डोळे कुठं होते रे?" त्या एका वाक्यावर मी पुढची सात वर्षं क्वालिटीत काढली.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून, ते एकदाच बोलले होते, तेही असंच खंडेनवमीला, पूजा झाल्यावर. धंद्यात पडायच्या आधी नाना सातपूरला एका मोठ्या कंपनीत १४ वर्षं लेथवर टर्नर होते. अगदी उमेदवारीत असताना त्यांच्या हातून एक मोठा शाफ्ट बिघडला, घाबरून त्यांनी तो भंगारात लपवला, आणि नाव दुसऱ्याच माणसावर आलं. त्याला घरी बसवलं. नाना गप्प राहिले. एवढं सांगून त्यांनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि विषय बदलला.

मला नेहमी वाटतं की मालकाची 'मूल्यं' वगैरे ज्याला म्हणतात ती कुठल्या ट्रेनिंगमधून येत नाहीत, कुठलीतरी गोष्ट जिव्हारी लागलेली असते त्यातून येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढतीची वेळ आली तेव्हा ती अँग्लो-इंडियन माणसाला दिली, यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वाडी वसवली, आणि तिथं अस्पृश्यता पाळायची नाही हा नियमच केला, त्या काळात. ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला होता अशा माणसांना कामावर घेतलं आणि त्यांच्याकडंच रखवाली सोपवली. आता मी काही इतिहासकार नाही, बढती नाकारली म्हणून हे असं झालं असं गणित मांडता येणार नाही. पण आपली लायकी सोडून दुसरंच काहीतरी बघितलं गेलं हे ज्याला एकदा सोसावं लागलं तो माणूस निवडताना काय बघेल आणि काय बघणार नाही, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

नानांचं आणखी एक असंच होतं. हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, असे जे छोटे जॉबवर्कवाले असतात त्यांचं पेमेंट आधी, बाकी सगळं नंतर. छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा पेमेंटला ४५ दिवस म्हणतो, पण कायदा येण्याच्या आधीपासून नाना महिन्याच्या आत चेक द्यायचे, कारण स्वतः मोठमोठ्या कंपन्यांच्या रिसेप्शनच्या सोफ्यावर चेकसाठी दुपारच्या दुपारी बसून काढल्या होत्या. ते म्हणायचे सोफा जेवढा मऊ तेवढं पेमेंट लांब. आमच्या ऑफिसात शेवटपर्यंत लाकडी बाकडंच होतं.

२००९-१० च्या सुमारास कस्टमरनं आमच्यासारख्या सगळ्या वेंडरना ट्रेनिंगला बसवलं. पुण्याहून एक कन्सल्टंट आले, प्रोजेक्टर, स्लाइड, सगळं जपानी. त्यांनी साकिची टोयोडाची गोष्ट सांगितली, मला ती फार आवडली. हा सुताराचा पोरगा, घरात आईला हातमागावर राबताना बघत मोठा झाला आणि मागावरच डोकं लढवत बसला. त्यानं असा माग बनवला की धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणजे खराब कापड पुढं विणलंच जात नाही. १९२४ चा त्यांचा माग तर इतका भारी होता की इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले, ज्या मँचेस्टरकडच्या यंत्रांपुढं सगळं जग पाणी भरत होतं तिथल्या लोकांनी. पोरानं, किइचिरोनं, पुढं मोटारीचा धंदा काढला, तीच टोयोटा, आणि बापाचं ते 'चुकलं की थांब' मागावरून मोटारीच्या लाइनवर आलं, कुठल्याही कामगारानं दोरी ओढायची, गरज पडली तर अख्खी लाइन थांबणार. साकिची १९३० मध्येच गेला होता. मोटारीची लाइन त्यानं कधी पाहिलीच नाही.

कन्सल्टंट साहेब रंगात येऊन विचारायला लागले की तुमच्याकडे साधा ऑपरेटर लाइन थांबवू शकतो का. मागच्या बाकावर आमचे मामा बसले होते, सगळ्यात जुने ऑपरेटर, नानांच्या पहिल्या सेकंडहँड लेथपासूनचे. ते हळूच मला म्हणाले, "दोरी कशाला, आपली पेटी आहे की." आणि परत डुलकी घ्यायला लागले.

आता २००८ चं सांगतो, कारण माझ्या मते कंपनी खरी कशी आहे ते त्या पाच महिन्यांत ठरलं. दिवाळीनंतर ऑर्डरी अशा पडल्या की तीन शिफ्टची एक शिफ्ट झाली. अंबड-सातपूरला तेव्हा जे कामाला होते त्यांना आठवत असेल, चहाच्या टपऱ्यासुद्धा ओस पडल्या होत्या. नानांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, कोणाला काढणार नाही, चार दिवस काम, पाचव्या दिवशी मशीन उघडून साफसफाई आणि शेडला रंग, सहावा दिवस बिनपगारी. सगळ्यांना, मॅनेजर धरून. स्वतः पाच महिने पगार उचलला नाही हे त्यांनी सांगितलं नाही, अकाउंटच्या मुलीकडून कळलं. मी तेव्हा ब्रश घेऊन पत्र्याच्या शेडला रंग मारलाय, क्वालिटी इंजिनिअर असून, आणि आमच्या बाजूचा रंग मामांच्या बाजूपेक्षा वाकडा लागलाय हे आजही तिथं दिसतं.

नंतर कुठंतरी वाचनात आलं की अमेरिकेत एचपीनं १९७० च्या मंदीत जवळपास हेच केलं होतं, दहा दिवसांतले नऊ दिवस काम, दहा टक्के पगार कमी, वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा, आणि लोक काढायचे नाहीत. नानांनी एचपीचं नाव प्रिंटरवर सोडून कुठं वाचलं नसणार. एकाच स्वभावाची माणसं अडचणीत सापडली की एकाच तऱ्हेनं वागत असावीत.

मी २०११ ला सोडलं, पगाराचा प्रश्न होता, लग्न ठरलं होतं. नाना २०१६ ला गेले. मुलगी बसली खुर्चीवर, आम्ही ताई म्हणतो. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की आता संपलं, कारण ताई वेगळ्या स्वभावाच्या, एक्सेलवाल्या, भराभर बोलणाऱ्या, स्टुलावर बसून चहा पीत पीस चाळणाऱ्या नाहीत. मग आला लॉकडाऊन. त्या वेळची गोष्ट मला ताईंनीच परवा सांगितली. सीएनं सल्ला दिला की वीस माणसं कमी केल्याशिवाय जमणार नाही, ताईंनी यादी पण काढली होती, नावांसकट, टेबलावर पालथी घालून ठेवलेली. मामा केबिनमध्ये आले. बसले नाहीत. म्हणाले, "ताई, २००८ ला नानांनी चार दिवसांचा आठवडा केला होता." एवढं बोलून परत गेले. विनंती नाही, युनियनबाजी नाही, नुसती आठवण करून दिली. ताई म्हणाल्या, मी यादी फाडली वगैरे काही नाही, ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, पण चार दिवसांचा आठवडा केला.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. इतकी वर्षं मी समजत होतो की मालकाचे संस्कार वारसाकडं जातात, पोरीत बापाचं रक्त वगैरे. तसं नसतं बहुतेक. ते खालच्या माणसांकडं जातात. कोर्टात वकील जुन्या निकालाचा दाखला देतो ना, तसं कंपनीत मामा दाखला देतात. मालकानं कधीतरी खिशाला चाट लावून घेऊन एक गोष्ट केलेली असते, चारचौघांच्या डोळ्यांदेखत, आणि मग ती पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते, त्याला आवडो न आवडो. भाषणाचा दाखला कोणी देत नाही. "साहेब, तुम्ही गॅदरिंगमध्ये म्हणाला होतात" असं म्हणून कोणाची नोकरी वाचल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

जमशेदजी टाटांचं तसं कागदावरचं आहे खरं. १९०२ मध्ये त्यांनी मुलाला, दोराबजींना पत्र लिहून सांगितलं की पोलादाचं गाव वसवाल तेव्हा रस्ते रुंद ठेवा, सावलीची झाडं लावा, फुटबॉल-हॉकीला मैदानं ठेवा, देवळं, मशिदी, चर्च यांना जागा सोडा. तेव्हा गाव कुठं असणार हेसुद्धा ठरलं नव्हतं. १९०४ ला ते गेले, साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या जागी, कामच सुरू झालं १९०८ मध्ये. आणि तरी जमशेदपूर तसं उभं राहिलं, १९१२ मध्ये तिथं आठ तासांचा दिवस आला, स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा आला १९४८ ला म्हणजे बघा. पण मला वाटतं तेही नुसत्या पत्रामुळं नाही. त्याच्या आधी नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी १८८६ लाच कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता. पत्र वाचणाऱ्याला माहीत होतं की हा माणूस लिहितो ते आधी करून बसलेला असतो.

आता दुसरी बाजू, ती लिहिली नाही तर नाना देवच होतील आणि ते त्यांनाच आवडणार नाही. दाखला चांगल्याचाच पडतो असं थोडीच आहे. नाना सुट्टी घ्यायचे नाहीत. कधीच नाही. त्यामुळं तिथं सुट्टीचा अर्ज द्यायला जाताना माणूस चोरी करून आल्यासारखा जातो, आजही, मामांनी पोरीच्या लग्नाला दोन दिवस घेतले, दोन. नानांनी शॉप फ्लोअरवर बाई कधी घेतली नाही, म्हणायचे उशीर होतो, जबाबदारी नको, आणि स्वतःची इंजिनिअर मुलगी सहा वर्षं अकाउंटला बसवली. ती मालकीण होऊन इतकी वर्षं झाली तरी बायका आहेत पाच, सगळ्या इन्स्पेक्शनला, सगळ्या फर्स्ट शिफ्टला. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "लोक म्हणतात नानांच्या वेळी नव्हतं असं." तोच दाखला, तेच वाक्य.

आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे २००८ ला 'कोणाला काढणार नाही' म्हणताना ठेकेदाराची बारा पोरं त्या कोणातच नव्हती. ती गेली. मी रंग मारत होतो तेव्हा गेली आणि मला त्यातल्या दोघांचीच नावं माहीत होती. २०२० ला चार दिवसांचा आठवडा जसाच्या तसा आला तेव्हा हे भोकही जसंच्या तसं आलं, परमनंट राहिले, ठेक्यावरची पोरं गेली. त्या दिवसांत मुंबई-आग्रा हायवेवर डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं नाशिककरांनी पाहिलीत, आम्ही पाथर्डी फाट्याला पाण्याच्या बाटल्या वाटत होतो आणि फोटो काढत होतो. त्यांच्यात आमची किती होती कोणाला ठाऊक. मामांनी ताईंना त्यांची आठवण दिली नाही. देणार तरी कशाच्या जोरावर, दाखलाच नव्हता.

मधल्या काळातल्या दुसऱ्या नोकरीबद्दल थोडक्यात. मोठी कंपनी, नाव घेत नाही, काचेची बिल्डिंग, आयडी कार्डाच्या मागं सहा मूल्यं छापलेली. साडेपाच वर्षांत ती सहा सलग म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही, मीही नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एमडींनी स्वतः कंपनी उभी केलेली, सुरुवातीला रात्री दहा-दहापर्यंत बसून, आणि उशिरापर्यंत बसतो तो आपला माणूस असं त्यांच्या मनात कायमचं बसलेलं. मग सिस्टिम अशी होती की एमडींची गाडी गेटबाहेर पडली की वॉचमन एका माणसाला मिस्ड कॉल द्यायचा, आणि तीन मिनिटांत अख्खा मजला रिकामा. तोपर्यंत लोक बसून काय करायचे तर शेअर बघायचे, पोरांचा अभ्यास फोनवर घ्यायचे, एकानं तर एमबीए पूर्ण केलं. गंमत म्हणजे एमडी रिटायर झाले, नवीन सीईओ साडेपाचला घरी जाणारे आले, आणि तरी मिस्ड कॉल चालूच. आपल्याकडं नाशिकला मायको कंपनी २००८ ला बॉश झाली आणि चौकाचं नाव अजून मायको सर्कलच आहे, तसंच ते.

बाय द वे एचपीचं पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे. ज्यांनी ती काढली ते पॅकार्ड १९९६ ला गेले, ह्युलेट २००१ ला, आणि २००२ ला कॉम्पॅक कंपनीबरोबर एक झाल्यावर हजारो माणसं काढली. मला उगाच वाटून जातं की १९७० चा तो बिनपगारी दहावा दिवस ज्यांनी काढला होता ते तोपर्यंत रिटायर होऊन गेले असणार. वरच्या केबिनमध्ये जाऊन एक वाक्य बोलणारे मामा तिथं उरले नसतील.

असो. महिनाभर पेटी का डोक्यात होती ते आता सांगतो.

२०१७ पासून माझं स्वतःचं छोटंसं आहे सातपूरला, पपया नर्सरीच्या पुढं आत, गेज आणि फिक्स्चर बनवतो, म्हणजे माप तपासायची आणि पीस पकडून ठेवायची साधनं, अकरा माणसं. पहिल्या दिवशी मी काय आणलं असेल? लाल पेटी. स्टूलही आणलं. टॅगही छापून घेतले, पुठ्ठ्याचे नाही, चांगले लॅमिनेटेड. आणि बरं चाललं होतं. मग गेल्या महिन्यात एका पोराच्या हातून डिजिटल हाइट गेज पडला. पोरगं स्वतः आलं सांगायला, हातात गेज धरून, लेकराला धरतात तसा. त्या दिवशी सकाळीच एका कस्टमरनं पेमेंट अजून महिनाभर पुढं ढकललं होतं, नव्वद दिवस आधीच झालेले, आणि मी त्या पोरावर असा ओरडलो की बाहेर ग्राइंडिंगवाल्यानं मशीन बंद केलं. काय बोललो ते लिहीत नाही. पोरगं काही बोललं नाही. गेज टेबलावर ठेवला आणि गेलं.

त्यानंतर पेटी रिकामी. एक दिवस, दोन दिवस, आठवडा, तीन आठवडे. अकरा माणसांच्या शॉपमध्ये तीन आठवड्यांत एकही पीस बिघडत नाही असं होतच नाही. भंगाराचं वजन मात्र वाढलेलं, ते मी गुपचूप बघून आलो.

तर खंडेनवमीला पूजा झाली, प्लेटमध्ये पेढा आणि समोसा घेऊन मी मामांच्या शेजारी जाऊन बसलो आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, नानांना कधी असा राग आला नाही का हो? मामांनी समोशाची कड मोडली, म्हणाले, "पहिल्या वर्षी एकाच्या कानाखाली मारली होती की."

मी म्हटलं, नानांनी?

"हो मग. सहा माणसं होतो आम्ही तेव्हा. मग कोण टाकतंय पेटीत. महिना गेला तसाच. आणि एक दिवस बघतो तर पेटीत पीस, टॅगवर नानांचं नाव. आतलं भोक ओव्हरसाईज केलं होतं. खाली लिहिलं होतं, घाई केली."

म्हटलं, मुद्दाम केला असेल.

"काय माहीत. त्यांचा हात तसा कधी चुकायचा नाही." मग थोडा वेळ थांबून, "ज्याला मारली होती ना, तो मीच."

एवढं बोलून मामा चहा आणायला उठले. मला वाटलं होतं ते पुढं काहीतरी सांगतील, पण आल्यावर त्यांनी गुडघ्याचा विषय काढला.

मला मुद्दाम काही करायची गरजच पडली नाही, माझ्याकडं खरीखुरी चूक होती. दोन महिन्यांपूर्वी एका ऑर्डरला मी ड्रॉइंगचं रिव्हिजन न बघता जुन्यावरच काम लावलं होतं, चार फिक्स्चर वाया, आणि तेव्हा मी कस्टमरनं उशिरा कळवलं असं सगळ्यांना सांगितलं होतं. कळवलं वेळेत होतं, मेल माझ्याच इनबॉक्समध्ये पडलेला. दसऱ्यानंतर कामावर आलो, त्यातलं एक फिक्स्चर उचलून पेटीत ठेवलं, टॅग लिहिला, तारीख घातली, नाव घातलं. का झालं त्या रकान्यात 'मेल उघडला नाही, नंतर खोटं बोललो' असं लिहिलं. लिहायला सोपं गेलं नाही. नंतर स्टुलावर चहा घेऊन बसलो, तर सगळे आपापल्या मशीनवर इतकं मन लावून काम करायला लागले की एरवी कधी करत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र एकेक जण पाण्याला जायच्या निमित्तानं तिकडून जाऊन आला. ज्याच्यावर ओरडलो तो गेला नाही. त्याला मी बाजूला घेऊन सॉरी म्हटलं, तो म्हणाला "ठीक आहे सर", आणि ते ठीक आहे कसं होतं ते मला ऐकू आलं.

काल सकाळी पेटीत एक रिंग गेज होता. टॅग नाही, वहीचा फाडलेला चतकोर कागद, 'सर हे खाली पडलं' एवढंच, पेन्सिलनं. खाली नाव नव्हतं. मी कोणाला काही विचारलं नाही, गेज कॅलिब्रेशनला पाठवून दिला.